ना-हरकत

राजानंद जालन्याहून आला तो काखेत पुस्तक मारूनच. गिरिजाबाईनं ओट्यावरून ते पाह्यलं आणि कपाळाला हात लावला. धाकटा लेक पुस्तक घेऊन घरात शिरला की भाकरी गार होणार, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. मागून गंधाली आली. तिच्या पिशवीत सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम आणि डझनभर केळी. घरात काय संपलेलं असतं हे त्या पोरीला न सांगता कळतं. जालन्याच्या जुन्या ब्राह्मणाच्या घरातून आलेली ही सून. तिचे वडील भालचंद्रपंत तिच्या लग्नाला अजून 'तो प्रकार' म्हणतात, आणि इकडं सासरे तातेराव चारचौघांत 'आमची गंधाली' म्हणून तिला मिरवतात. दोन्ही ऐकून ऐकून गिरिजाबाईला कंटाळा आला होता. पोरगी चांगली आहे, बस झालं की.

"जय भीम, माय," राजानंद म्हणाला. "आबा कुटं हायेत?"

"कुटं असणार? पाटीखाली."

रस्त्यापलीकडं लिंबाखाली तातेराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात निळा मफलर, दोन्ही हात छडीवर. मागं उपकेंद्राची दोन खोल्यांची इमारत आणि डोक्यावर ती पाटी. सकाळी चहा पिऊन गेलेला माणूस, अजून उठायचं नाव नाही. कुणी रात्रीतून काढून नेईल म्हणून राखण करत होते म्हणे. दिवसाढवळ्या!

'कालकथित सुजाता तातेराव मगरे आरोग्य उपकेंद्र' अशी ती पाटी. पहिल्यांदा लिहिली तेव्हा पेंटरनं सवयीनं 'कै.' टाकलं होतं. तातेरावांनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं, चहा पाजला आणि कैलासाशी आपला काडीचाही संबंध कसा नाही हे समजावून पुन्हा वर चढवलं. तेव्हापासून रंग उडाला की नवा रंग, अक्षर तेच. जागा ह्या घराची, नाव ह्या घरातल्या गेलेल्या लेकीचं. सरकारला जागा दिली तेव्हा बक्षीसपत्रात अटही तशीच घातलेली, की दुसरं नाव लागलं तर जागा माघारी. म्हणून तर इतकी वर्षं कुणी त्या पाटीला हात लावला नव्हता.

आता वरून दुसरी अट आली होती. पैसा केंद्राचा, म्हणून नाव केंद्राचं. ठरल्या मापाची, ठरल्या रंगाची पाटी लावायची, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'आरोग्य मंदिर' असं यायचं, आणि भिंतीवर दुसरं कुणाचंही नाव दिसता कामा नये. पाटीचा फोटो काढून मोबाईलवरून वर चढवायचा. फोटो चढला नाही तर उपकेंद्र हिशेबी बंद. मग औषधं बंद, बाळंतपणाची खोली बंद, आणि तिथली आरोग्य अधिकारी, सीएचओ, दुसऱ्या गावाला. सीएचओ म्हणजे थोरल्या संघपालची लेक प्रिया. नर्सिंग शिकून आपल्याच गावात कामाला आलेली. ती आल्यापासून एकाही बाईला कळा सोसत घनसावंगीची जीप शोधावी लागली नव्हती. ते सगळं एका फोटोवर येऊन टांगलं होतं, आणि फोटोसाठी घरच्यांची ना-हरकत पाहिजे होती.

संघपाल आपल्या बापाला हाताला धरून ओट्यापुढच्या शेडखाली घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा गडी. रानात कापूस फुटून पडला होता, वेचणीच्या बाया येऊन बसल्या होत्या, आणि हा इथं बैठकीला. त्याचा जीव सगळा रानात होता. प्रिया मागून आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

गिरिजाबाईनं तुरीच्या शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं. बैठक ऐकायची तर हाताला काम पाहिजे, नाही तर झोप लागते.

"मी जित्ता हाये तवर त्या पाटीला हात लागू देणार न्हाई," तातेरावांनी बसल्या बसल्या सुरुवात केली. "एका नावासाठी ह्या मराठवाड्यात आम्ही सोळा वर्षं रस्त्यावर काढली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणलं तर अठ्ठ्याहत्तरला आमची घरं पेटवली. माझं घर पेटवलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आलो ह्या गावात..."

'सासऱ्याच्या दारात,' गिरिजाबाईनं मनात पुढचं वाक्य म्हटलं.

"...सासऱ्याच्या दारात," तातेराव म्हणाले. "घरजावई म्हणून लोक हसले, तेबी सोसलं. नावाची किंमत मला शिकवू नका कुणी."

खोटं नव्हतं त्यातलं काहीच. ती राख तिनंही पाह्यली होती. तिच्या लग्नातली पितळी भांडी वितळून त्यांचा गोळा झालेला तिनं हातानं उचलला होता. पण खरी गोष्टसुद्धा रोज रोज ऐकली की माणूस थकतं. म्हातारी माणसं त्यांना अजून 'जावई'च म्हणायची आणि तरणी 'गुरुजी', आणि दोघांनाही हे भाषण तोंडपाठ होतं.

"आबा बराबर बोलून राह्यले," राजानंद म्हणाला. जालन्याच्या कॉलेजात तो राज्यशास्त्र शिकवतो. त्यानं पुस्तक उघडलंच. "ही बघा घटनेची सातवी अनुसूची. राज्यसूची, सहावी नोंद. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आन् दवाखाने. हा विषय राज्याचा. दिल्लीला हुकूम द्यायचा अधिकारच न्हाई."

"मंग दिल्ली बोलती कामून?" संघपालनं विचारलं.

"हीच तर गोम हाये ना, दादा. अधिकार राज्याचा, पण कराचा मोठा पैसा जमतो दिल्लीत. मंग दिल्ली म्हणती, रुपयातले साठ पैसे मी देते, चाळीस तुमचे. पण माझी पाटी, माझा रंग, माझं नाव. हुकूम देता येत न्हाई म्हणून अट घालायची. घेणं न घेणं राज्याच्या मर्जीवर."

"मर्जीवर हाये ना? मंग राज्यानं म्हणावं, नको तुमचा पैसा."

"म्हणता येतं."

"म्हणलं का?"

गंधालीनं केळी ताटलीत काढता काढता उत्तर दिलं. ती जालन्यातच एका सरकारी कचेरीत हिशेब बघते.

"कसं म्हणतील, दादा? नको म्हटलं की साठ पैसे गेले, आणि दवाखाना तर चालवायचाच असतो. लोकांचा कर आधीच तिकडं गेलेला असतो, तो काही परत येत नाही. मी दर वर्षी बघते. हप्ता येतो तो वर्ष सरत आल्यावर, आणि त्याच्या आधी अटींचं बाड येतं. साहेब लोक वाचतसुद्धा नाहीत. कुठं सही करायची तेवढं विचारतात."

"म्हणून तर कुणीतरी अडलं पाहिजे!" राजानंद तिच्याकडं वळला. "राज्य अडत न्हाई, जिल्हा अडत न्हाई. गावानं अडावं."

"गाव म्हणजे कोण? प्रिया?"

"मी तत्त्वाचं बोलून राह्यलो, गंधाली."

"तत्त्वाचं तू बोल. बदली तिची होणार आहे."

नवरा-बायको दोन बाजूंना गेले तसा संघपालला जोर चढला. एरवी तो धाकट्याच्या शिक्षणापुढं दबून असतो, पण आज लेकीचा प्रश्न होता.

"राजा, तुझ्या कॉलेजच्या दारात ते फोटो काढायचं काय बसवलंय रे? माणसाएवढं, रंगीबेरंगी?"

"सेल्फी पॉइंट," प्रिया खालूनच म्हणाली.

"हा, तेच. ते कुणाच्या मर्जीनं बसवलं? तवा अडला व्हता का तू?"

राजानंदचं तोंड उतरलं. "ती वरून सूचना व्हती, दादा. प्राचार्यांनी..."

"बस, बस. हितली बी सूचनाच हाये."

"संघपाल!" तातेरावांनी छडी आपटली. "भावाला टोमणे मारायला बोलावलं न्हाई. आन् तुला लेकीची नोकरी दिसती, बहिणीचं नाव न्हाई दिसत?"

संघपालनं बापाकडं एकदा पाह्यलं आणि खाली मान घातली. काहीतरी बोलायचं होतं त्याला, गिरिजाबाईला ते बराबर कळलं. तिनं शेंगेवरून नजर काढली नाही.

"आबा, मी बोलू का?" प्रिया म्हणाली. "ती पाटी मला नकोय असं वाटतं का तुमाला? गावातल्या बाया 'उपकेंद्रात जाते' असं म्हणतच न्हाईत. 'सुजाताकडं जाते' म्हणतात. परवा एक सासू सुनेला सांगत व्हती, पोट दुखलं तर थांबू नको, सुजाताकडं जा. मला किती बरं वाटतं ते ऐकून. पण आबा, औषधाचं कपाट रिकामं हाये. मागणी टाकली की उत्तर येतं, तुमचं केंद्र सुरू न्हाई. मी तिथं बसलेली असते, बाळाचं वजन करून राह्यलेली असते, आन् म्हणे सुरू न्हाई. मला मंदिर बी नको आन् भांडण बी नको. मला ती खोली पाहिजे."

गंधालीनं उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

'सुजाताकडं जाते.' गिरिजाबाईनं हे कितीदा तरी ऐकलं होतं, आणि दर वेळी तिच्या काळजात काहीतरी टोचायचं. लोकांना वाटायचं, माय आहे, लेकीची आठवण येत असेल.

"आबा," गंधाली जपून म्हणाली, "रागावणार नसाल तर एक बोलू? शब्दाचं म्हणाल तर आपण विद्यामंदिर म्हणतो, नाट्यमंदिर म्हणतो. मंदिर म्हणजे घरच की. तेवढ्या अर्थानं घेतलं तर..."

राजानंदनं बायकोकडं असं पाह्यलं की तिला वाक्य पुरं करवेना. तातेराव मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्यासाठी घर असंल, बेटा," ते म्हणाले. "माझी माय देवळाची पायरी झाडायची. खालची. वरची झाडायला दुसरी बाई व्हती. छप्पन साली दीक्षा घेतली तवा तिनं झाडू ठेवला तो ठेवला. आन् मी आता त्या शब्दाची पाटी माझ्याच जागेवर लावू? म्हातारपणी?"

"चुकलं माझं, आबा."

"चुकलं न्हाई. तुला दिसलं ते तू बोलली."

गिरिजाबाईला सुनेची दया आली आणि नवऱ्याचीही आली. हेच तर दमवतं, ती मनात म्हणाली, की घरात कुणीच वाईट नाही. एखादा तरी नालायक असता तर त्याच्या डोक्यावर फोडून मोकळं झालो असतो.

राजानंदनं तोडगा काढला. "नामविस्तार करू. विद्यापीठाचा झाला तसा. वर त्यांचं नाव, खाली सुजाताचं."

"चालत न्हाई, काका," प्रिया म्हणाली. "आष्टीकडच्या एका केंद्रानं करून पाह्यलं. खाली बारीक अक्षरात देणाऱ्याचं नाव ठेवलं व्हतं. फोटो माघारी आला."

"विद्यापीठाला तरी विस्तार दिल्ता," तातेराव स्वतःशीच पुटपुटले. "हे तेबी देईनात."

रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. मग गंधालीनं पर्समधून ना-हरकतीचा छापील नमुना काढला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"बक्षीसपत्र कुणी करून दिलंय?"

"मी," तातेराव म्हणाले.

"नाही, म्हणजे जागा कुणाच्या नावावर होती?"

तातेराव बोलायला गेले आणि थांबले. जागा त्यांची नव्हतीच. गिरिजाबाईला भाऊ नव्हता. तिच्या बापानं हाडोळ्यातला, महारकीच्या वतनातला, रस्त्याकडचा तुकडा मरायच्या आधी लेकीच्या नावानं केला होता. बक्षीसपत्राच्या वेळी ती कचेरीत गेली होती, नवऱ्यानं बोट ठेवलं तिथं सही केली होती आणि येताना बांगड्या भरून आली होती. त्यानंतर तो तुकडा 'तातेराव गुरुजींनी दिलेली जागा' झाला. तिला स्वतःलासुद्धा तसंच म्हणायची सवय लागली होती.

"मग आईंची सही लागणार," गंधाली म्हणाली. "आबांची नाही चालायची. आईंनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. गिरिजाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आता आठवण झाली व्हय माझी?" ती म्हणाली. "सकाळधरनं हितं बसले, कुणी पाणी बी विचारलं न्हाई."

"माय, तसं न्हाई..." राजानंद गडबडला.

"राजा, तू मघा काय म्हणून राह्यल्ता? अधिकार राज्याचा, पण त्याला विचारत न्हाईत?"

"हा, माय."

"मंग मला कळलं ते. मीट पुस्तक."

संघपाल खुदकन हसला. राजानंदनं खरोखरच पुस्तक मिटलं.

"गिरिजा, तू काळजी करू नको," तातेराव म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम बळ आलं होतं. "तू माय हायेस तिची. नको म्हण, विषय संपला. बघू कोण तुझ्या लेकीचं नाव पुसतं ते."

गिरिजाबाईनं सूप बाजूला सारलं, पदरानं हात पुसले. तिला फार दमल्यासारखं झालं होतं. ही गोष्ट बोलायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आपल्याबरोबरच जळून जाऊ दे म्हणून. पण आता जपण्याचंही बळ राहिलं नव्हतं.

"काढा पाटी," ती म्हणाली.

"काय?"

"काढा म्हणलं. खोली चालू राहू द्या."

तातेराव उभे राह्यले. "डोकं फिरलं का तुझं? पोटच्या लेकीचं नाव पुसतीस?"

"ते तिचं नाव न्हवतं."

"गिरिजा!"

"वरडू नका. लेकरांचे केस पिकायला लागले, आता तरी कळू द्या त्यांना." ती लेकांकडं वळली. "तुमच्या आबांनी शपथ घेतल्ती. घर जळलं, हितं आलो, तवा. राजा मांडीवर व्हता, त्याचं नाव आधीच ठेवलेलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागत न्हाई तवर घरात जलमलेल्या लेकराचं नाव ठेवायचं न्हाई. पेपरात आल्तं ते. लोकं पाया पडायला आल्ते. आन् मंग पोरगी झाली. बारसं न्हाई, नाव न्हाई. बसायला लागली, चालायला लागली, तरी बिननावाची. मी म्हणायची, अवो, ठेवा काहीतरी. हे म्हणायचे, थांब, आता व्हईलच."

तातेराव हळूच खाली बसले.

"मंग तिला हगवण लागली. गाडी मिळंना. घनसावंगीला पोचलो तवा तिची मान पडल्ती. तिथल्या माणसानं विचारलं, नाव काय पोरीचं? हे गप. मी ह्यांच्याकडं बघून राह्यले, हे गप. त्यानं लिव्हलं, तातेरावची मुलगी. तसंच लिव्हलेलं राह्यलं, आन् ती गेली."

प्रियानं तोंडावर हात ठेवला होता. राजानंद आपल्या बापाकडं असा बघत होता, जसं ह्या माणसाला तो आजच भेटला.

"पुढं उपकेंद्राचं ठरलं, तवा साहेब म्हणले, बिननावाची पाटी कशी लावायची? पूर्ण नाव द्या. तवाबी वरून अटच आल्ती. मंग ह्यांनी पुस्तकं चाळली आन् सांगितलं, सुजाता. नाव चांगलंच हाये. मी कुटं वाईट म्हणते? पण दर बारीला रंग द्यायचे तवा मी बघायची, आन् मला वाटायचं, ही कोण बाई? कुणाची लेक? माझी पोरगी त्या नावाला कधी वळून पाह्यली न्हाई."

तातेरावांचा मफलर सुटून मांडीवर आला होता.

"मला वाटलं वर्षा-दोन वर्षांत व्हईल नामांतर," ते म्हणाले. भाषणातला आवाज नव्हता तो. "मी ठेवणार व्हतो गं नाव. मला काय ठाव, सोळा वर्षं लागतील?"

गिरिजाबाईला भडभडून आलं. इतकी वर्षं ती ह्या माणसावर चिडून होती आणि तो तर रोज त्या पाटीखाली जाऊन बसत होता. तिला राग धरून ठेवायचा होता, पण तो हातातून निसटून चालला होता.

"मग घरात काय म्हणायचात तुम्ही तिला?" गंधालीनं हलकेच विचारलं.

"काय म्हणणार?" तातेराव म्हणाले. "पोरगी. नाव न्हवतं ना तिला."

"व्हतं," संघपाल म्हणाला.

त्यानं मान वर केली नव्हती. बोटानं जमिनीवरची तुरीची टरफलं गोळा करत होता.

"छबी," तो म्हणाला. "तुम्ही शाळेत गेले की माय तिला छबी म्हणायची. मी बी म्हणायचो. तुमची सायकल वाजली की आम्ही गप. मायनं गळ्याची आण घातल्ती मला."

तातेरावांनी बायकोकडं पाह्यलं. मार खाल्ल्यासारखं पाह्यलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. आजपर्यंत लेकांनी बापाला घोषणा देताना पाह्यलं होतं, मार खाऊन आलेलं पाह्यलं होतं. रडताना पाह्यलं नव्हतं.

"वळून पाहायची का?" त्यांनी विचारलं. "त्या नावाला?"

"पाहायची म्हणजे?" संघपाल म्हणाला. "रानातून हाक मारली तरी पळत यायची, आबा. पडायची, उठायची, पुन्हा पळायची."

गिरिजाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि मोकळं रडून घेतलं. प्रिया येऊन तिला बिलगली. कुणी कुणाला गप केलं नाही.

मग तिनंच नाक पुसलं. "आण गं गंधाली तो कागद. दिवस चालला. संघपालच्या बाया रानात बसून राह्यल्या."

गंधालीनं पेन दिला.

"थांब," गिरिजाबाई म्हणाली. "त्याच्यात हे बी लिव्ह. तो मंदिर शब्द मला घशाखाली उतरत न्हाई. माझ्या सासूनं ठेवलेला झाडू मी पाह्यलाय. बाळंतिणी अडतील म्हणून सही करून राह्यले, मला पटलं म्हणून न्हाई. असं लिव्ह."

"आई, तसा रकाना नाहीये ह्याच्यात," गंधाली म्हणाली. तिचेही डोळे भरलेले होते. "'माझी हरकत नाही' एवढंच छापलेलं आहे."

"पण हरकत हाये की."

"माहितीये मला."

"मंग खोटं लिव्हायचं?"

गंधालीनं नवऱ्याकडं पाह्यलं.

"राज्यानं बी असंच लिव्हलं असंल, माय," राजानंद थकून म्हणाला.

गिरिजाबाई थोडा वेळ त्या कागदाकडं बघत राह्यली. मग तातेरावांकडं पाह्यलं. त्यांनी फक्त मान हलवली, आणि ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. तिनं सही केली. 'गिरिजाबाई तातेराव मगरे', पुरं नाव, आणि ह्या खेपेला कुणी बोट ठेवून जागा दाखवली नव्हती.

"आज्जी," प्रिया तिच्या कानाशी म्हणाली, "आतल्या खोलीत, दाराच्या मागं, मी बारीक अक्षरात छबी लिहू? फोटोत यायचं न्हाई."

"नको गं, माय," गिरिजाबाई म्हणाली. "लिव्हलं की कुणीतरी इचारायला येतं. ते लिव्हू नको कुटं."

संघपाल रानाकडं निघाला. जाता जाता बापाच्या खांद्यावर एक हात ठेवून गेला. राजानंद शिडी कुठं आहे ते बघायला उठला. गंधालीनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चुलीकडं गेली. शेडखाली म्हातारा-म्हातारी दोघंच उरली.

तातेराव समोर रस्त्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले.

"छबी," ते म्हणाले. हजेरी घेताना मास्तर नाव वाचतात तसं, सरळ आणि तुटक.

"असं न्हाई," गिरिजाबाई म्हणाली. "शेवट लांबवायचा. छबीऽऽ."

नवऱ्यादेखत ती हाक मोठ्यानं मारायला तिला म्हातारपण यावं लागलं होतं. तातेरावांनी घसा साफ केला आणि पुन्हा म्हणून पाह्यलं.